आमचा विश्वास कमी पडला का?

मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांसोबत समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागतो की, पुष्कळदा तो उच्चारला जाण्याआधीच समोरच्या चेहऱ्यावर दिसतो. "आमचा विश्वास कमी पडला म्हणून देवाने हे आमच्यावर आणले का?" सलग दोन वर्षे पीक गेलेला शेतकरी हे विचारतो, मूल गमावलेली आई विचारते आणि ज्यांचे अवघे आयुष्य मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत गेले असे वृद्ध पाळकही कधीकधी आवाज खाली आणून हेच विचारतात. माझे उत्तर एका शिक्षिकेच्या अनुभवातून सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवत. मधुमेहामुळे त्यांच्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी छत्रपती संभाजीनगरला जावे लागे. अशा रुग्णाच्या शरीरात पाणी साठून राहते, म्हणून दिवसभराचे पाणी मोजून द्यावे लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

बाई माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही आणि डोके सतत दुखते म्हणून. पहिल्या भेटीत प्रत्येक प्रश्नाला त्यांचे उत्तर एकच होते : "सगळे प्रभूच्या हाती आहे, ताई. माझी काही तक्रार नाही." हे त्या हसून सांगत, हात मात्र पदराचे टोक पिळत असत. पुढच्या काही भेटींत हळूहळू कळले की, महिलांच्या प्रार्थनासभेत एका ज्येष्ठ भगिनीने त्यांना म्हटले होते, "घरात काहीतरी लपलेले पाप असेल, नाहीतर इतक्या उपवास-प्रार्थनांनंतर गुण आला असता." त्या दिवसापासून बाई रोज रात्री लहानपणापासूनची एकेक चूक आठवून देवाजवळ कबूल करत बसत.

मी विचारले, "प्रार्थनेत तुम्ही देवाला काय सांगता?"

"आभार मानते, स्तुती करते, आणि यांना बरे कर म्हणते."

"पाण्याबद्दल सांगता?"

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारी हे एक घोट मागतात आणि मी नाही म्हणते. मग स्वयंपाकघरात जाते, पण मलाही पाणी पिववत नाही. हे देवाला कसे सांगू? ती तक्रार होईल."

"झाली तर काय होईल?"

"तो माझ्याशी बोलायचे थांबेल."

हे वाक्य ऐकताच मला त्यांच्या निद्रानाशाचे मूळ सापडले असे वाटले. बायबलमधला देव माणसाच्या तक्रारीवर रुसून अबोला धरत नाही. मग बाईंना हे शिकवले कोणी? मी एवढेच विचारले, "तुमच्या लहानपणी असे बोलणे कोण थांबवत असे?" उत्तर येण्याआधी त्यांचे डोळे भरून आले. वडील चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळीचे सभासद, सचोटीचे आणि कडक होते. मुलीने कुरकुर केली की ते दिवसेंदिवस तिच्याशी बोलत नसत, आणि तिने हसऱ्या चेहऱ्याने माफी मागितली की मगच अबोला सुटे. आईवडिलांच्या वागण्यातून माणसाच्या मनात देवाचा चेहरा आकार घेतो, असे मी अनेक वर्षांपासून मानत आले आहे आणि माझ्या कामाचा पायाच तो आहे. बाई चाळीस वर्षे ज्याच्यापुढे हसतमुखाने उभ्या राहत होत्या, तो चेहरा वडिलांचा होता.

त्यानंतर मी त्यांना उपदेश केला नाही. पुढच्या भेटीत त्यांचेच पवित्र शास्त्र त्यांच्या हाती दिले आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितले. तेविसावे आणि एकशे एकविसावे त्यांना तोंडपाठ होते, हे मात्र त्यांनी कधी सभेत ऐकले नव्हते. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण हे वळत नाही, ते अंधारातच संपते. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हेसुद्धा शास्त्रातच आहे?" आणि मग पुस्तक मांडीवर तसेच उघडे ठेवून, माझ्याकडे न पाहता, त्या म्हणाल्या, "प्रभू, मी माझ्या नवऱ्याला पाणी नाही म्हणते आणि तू नुसता बघत बसतोस." त्यानंतर त्या पुष्कळ वेळ रडल्या. मी त्यांना थांबवले नाही, धीराचे शब्दही बोलले नाही. अशा क्षणी गप्प राहणे हे आमच्या कामातले सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते मला फार सावकाश साधले. जाताना त्यांनी टेबलावरचा पेला उचलून पाणी प्यायले.

ज्यांच्या मनात बाईंचाच प्रश्न आहे, त्यांनी बायबलमधले ईयोबाचे, म्हणजे निर्दोष असूनही मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या माणसाचे, पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसले, आणि तेवढेच त्यांनी योग्य केले. बोलू लागताच त्यांनी त्याचे पाप शोधायला घेतले. बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा राग भडकतो तो या मित्रांवर; इतका वेळ देवाशी वाद घालणारा ईयोब मात्र देवाविषयी योग्य ते बोलला, असा निर्वाळा मिळतो. आपल्या मंडळ्यांत पहिल्या दोन अध्यायांतला सोशिक ईयोब वारंवार सांगितला जातो आणि मधला भांडणारा ईयोब वगळला जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. अशा प्रसंगी कोणाच्या पापामुळे हे झाले, असे विचारणाऱ्यांना येशूने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे विचारून तो स्वतःच 'नाही' म्हणतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले तेव्हाही त्याने पापाचे कारण नाकारले.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात परीक्षांमुळे धीर उत्पन्न होतो असे लिहिले आहे, ते मी नाकारत नाही. परंतु हे वचन दुःखातून गेलेल्याने स्वतःबद्दल सांगावे. दुसऱ्याच्या दुःखाच्या ऐन भरात त्याच्यावर लादू नये. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी हा दुःखाचा प्याला टळो असे विनवले आणि नंतर पित्याची इच्छा स्वीकारली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण विनवणीचा भाग गाळून थेट स्वीकाराकडे जाणारी माणसेच आतून अधिक थकतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांकडे जावे. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आपल्याकडे आलेल्या मिशनने जालन्यात प्रार्थनामंदिरापाशी न थांबता दवाखानाही चालवला. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे त्या पिढीला वाटले नव्हते.

बाईंचे पती बरे झालेले नाहीत. डायलिसिस सुरूच आहे. बाईंची झोप सुधारायला आणखी काही महिने आणि थोडे औषध लागले. प्रार्थनासभेत एकदा त्यांनी उभे राहून सांगितले की, त्यांना कारणे नको आहेत, दवाखान्यात चार तास सोबत बसणारे कोणी हवे आहे. पापाविषयी बोललेल्या भगिनींनी आपले मत बदललेले नाही. सभेतल्या दुसऱ्या दोघी मात्र आता आळीपाळीने त्यांच्याबरोबर संभाजीनगरच्या बसने जातात.