खाली चहाच्या टपरीवर

‘ताई, माझं वय ३९. लग्नाला १६ वर्षं झाली, मुलगी यंदा दहावीला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याशी ३ वर्षं संबंध आहेत. तेही संसारी. आधी नुसतं बोलणं होतं, आता जीव अडकलाय. गेल्या महिन्यात त्यांची बायपास झाली. मिस्टरांनीच मला गाडीवरून दवाखान्यात नेलं आणि स्वतः खाली चहाच्या टपरीवर थांबले. वर त्यांच्या बायकोनं मला सफरचंद कापून दिलं. तेव्हापासून झोप नाही. सोडू कुणाला?’
– एक वाचक, राजारामपुरी

अगं, तुझं मूळ पत्र चार पानांचं. साडेतीन पानं त्यांच्यावर आणि नवऱ्यावर एक वाक्य, ‘मिस्टर स्वभावानं बरे आहेत.’ मी वाचताना त्या टपरीपाशीच अडकले बघ.

हे प्रेम आहे की नाही यावर मी वाद घालत नाही. ऑपरेशनची वेळ ऑफिसच्या ग्रुपवर कळली, चारचौघांसारखं ‘लवकर बरे व्हा’ टाकलंस आणि बाथरूममध्ये जाऊन रडलीस. जीव आहेच तुझा. पण ३ वर्षांत एकमेकांना पाहिलंत किती? रंकाळ्यावर ओळखीचे भेटतात म्हणून कळंब्याला, तेही पाऊण तास. त्यांचं पथ्यपाणी, चिडचिड, रात्रीचा खोकला हे त्या सफरचंद कापणाऱ्या बाईकडे. तुझ्याकडे येतो तो इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्यांनाही तू तशीच दिसतेस. (आणि कळंब्याला तुम्हाला कुणी बघितलं नसेल, हे काही मला पटत नाही. कोल्हापूर आहे हे.)

कायद्याचं विचारलंस. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं, त्यामुळे हा गुन्हा नाही. त्या कलमात बाईला शिक्षा आधीही नव्हतीच. घटस्फोटाला मात्र हे कारण आजही चालतं. ‘आमच्या घरात कुणी काडीमोड घेतलेला नाही’ म्हणतेस, तर शाहू महाराजांनी करवीर संस्थानात काडीमोडीचा कायदा १९१९ साली केला होता. घराण्याची आडकाठी मला सांगू नकोस.

‘सोडू कुणाला’ हे आत्ता बाजूला ठेव. ते सहकारी आयुष्यात आलेच नसते, तर या घरात तू राहिली असतीस का? याचं उत्तर सापडेपर्यंत भेटणं, फोन, मेसेज बंद. त्यांची तब्येत ग्रुपवर कळेल. दहावीचं कारण पुढे करू नकोस, त्यामागोमाग बारावी येतेच.

उत्तर ‘नाही’ आलं, तर मिस्टरांना ते तुझ्याच तोंडून कळू दे, कळंब्याच्या एखाद्या साक्षीदाराकडून नको. ‘हो’ आलं, तर पुन्हा लिही. पण नुसतं स्वतःचं मन हलकं करायला म्हणून मिस्टरांपुढे सगळं ओतू नकोस.

आणि त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना मिस्टर गाडीवर काय बोलले गं? तेवढं तू लिहिलंच नाहीस.