चुनखडीच्या काळ्या रानात कपाशीला ह्युमिक ॲसिड कसं आणि किती द्यावं?

द्या, पण खत म्हणून नको. ह्युमिक म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातला काळपट भाग, त्यात नत्र-स्फुरद जवळजवळ नसतं. काम एवढंच की पांढरी मुळी वाढते आणि दिलेलं खत मुळाशी धरून ठेवलं जातं. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या रानात सामू (पीएच) आठच्या पुढे जातो, स्फुरद-जस्त अडकून बसतं, म्हणून इथे त्याचा थोडा उपयोग होतो. हलक्या, मुरमाड रानात फरक जास्त दिसतो.

पोटॅशियम ह्युमेटची (म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या ह्युमिकची) ९५ टक्क्यांच्या पुढची पावडर एकरी १ किलो पुरते. आदल्या रात्री बादलीभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० लिटर पाणी करून लागवडीनंतर २०-२५ दिवसांनी ओल असताना बुडाशी आळवणी करा, म्हणजे झाडाच्या मुळाशी ओता. ठिबक असेल तर अर्धा-अर्धा किलो दोनदा. कोरड्या भेगाळलेल्या रानात ओतलं तर पैसे मातीत गेले.

सगळ्यात मोठी चूक मिसळण्यात होते. कॅल्शियम नायट्रेट किंवा फॉस्फोरिक ॲसिडसोबत टाकलं की दह्यासारखं फाटतं आणि ड्रीपर बुजतात. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षाराचं असेल तर नुसत्या पाण्यातही चोथा बसतो. आधी ग्लासभर मिश्रण अर्धा तास ठेवून बघा.

भेसळ ओळखायची असेल तर द्रावणात लिंबू पिळा. खरं ह्युमिक तपकिरी गोळा होऊन तळाला बसतं. रंग तसाच राहिला तर ते ह्युमिक नाही, फार तर फुल्विक (आंबट पाण्यातही विरघळून राहणारा त्याच जातीचा पदार्थ) असेल.

शेणखत मात्र बंद करू नका.