तळमजल्यावरचा रेडॉन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रेडॉन या जमिनीतून निघणाऱ्या किरणोत्सर्गी वायूविषयी येणाऱ्या पत्रांमध्ये शब्द बदलतात, पण गोंधळ तोच असतो. हा वायू खरोखर घरात येतो का, आणि येत असेल तर हाती फारसा पैसा नसलेल्या कुटुंबाने काय करायचे, एवढेच बहुतेकांना विचारायचे असते. त्यातील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरात कसलाही वास येत नाही. तरीही रेडॉन असू शकतो का?

असू शकतो. रेडॉनला रंग, वास किंवा चव नसते, त्यामुळे तो मोजल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : रेडॉनचा धोका फक्त खाणकामगारांना असतो, असे ऐकले आहे. शिवाय शेजाऱ्यांच्या घरातील प्रमाण कमी निघाले. मग आम्ही चाचणी का करावी?

या दोन्ही गोष्टींच्या भरवशावर स्वस्थ बसू नये. खडकांत आणि मातीत युरेनियम असते. त्यापासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. घरातील उबदार हवा वर जाते, तेव्हा खालच्या भागातील दाब किंचित कमी होतो आणि फरशीच्या भेगांतून, नळांच्या भोवतालच्या फटींतून जमिनीतील हवा आत ओढली जाते. भेगा, पाया आणि खालची माती प्रत्येक घरागणिक वेगळी असल्याने शेजाऱ्यांचा आकडा तुमच्या घराला लागू पडत नाही. १९८४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्राच्या कर्मचाऱ्यामुळे किरणोत्सर्ग ओळखणारी घंटा वाजू लागली. शोध घेतल्यावर दोष केंद्राचा नसून त्याच्या राहत्या घरातील रेडॉनचा निघाला. १९८८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर वेळ घालवू नका, चाचणी करा.

प्रश्न : आम्ही तळघरातील एका खोलीत भाड्याने राहतो. मुले जमिनीवर झोपतात, पती घरातच धूम्रपान करतात. घरमालक म्हणतात, ‘एवढी भीती वाटत असेल तर खोली सोडा.’ आम्ही काय करावे?

मला सर्वांत अधिक काळजी अशाच घरांची वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तळघरातील खोली स्वस्त मिळते, कारण ती जमिनीत असते. आणि ती जमिनीत असते म्हणूनच रेडॉन तिथे सर्वांत आधी पोहोचतो. ज्यांना वरचा मजला परवडत नाही, त्यांच्याच वाट्याला हा वायू अधिक येतो, आणि दुरुस्तीचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या हाती असतो. रेडॉनच्या विघटनातून तयार होणारे पोलोनियमसारखे किरणोत्सर्गी कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन चिकटतात आणि तेथील पेशींना इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान करणाऱ्यांना न करणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ पट असतो. म्हणून घरातील धूम्रपान आजच थांबवा. त्याला घरमालकाची परवानगी लागत नाही, आणि सोडणे जड जात असेल तर डॉक्टरांची मदत घ्या.

दुसरे काम चाचणीचे. स्थानिक आरोग्य विभागाकडे किंवा किरणोत्सर्ग सुरक्षा विभागाकडे मोफत अथवा सवलतीत चाचणी संच मिळतो का, ते विचारा. संच ज्या खोलीत झोपता त्याच खोलीत, जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर ठेवा. खिडकी, दार, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांपासून दूर ठेवा. एका घरी मी तो उघड्या खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला पाहिला. त्या संचाने खोलीपेक्षा बाहेरचीच हवा मोजली. रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डबीचा अल्पकालीन संच असेल तर मुदत संपताच प्रयोगशाळेकडे पाठवा, कारण रेडॉनचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मा वायू विघटित होण्याचा काळ, केवळ ३.८ दिवसांचा आहे आणि कपाटात राहिलेल्या डबीतून मोजण्यासारखे फारसे उरत नाही. शक्य असेल तर तीन महिन्यांहून अधिक काळ चालणारी चाचणी घ्या, कारण प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली संदर्भ पातळी घनमीटरमागे १०० बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आहे. जिथे ती गाठणे शक्य नाही तिथेही ३०० च्या वर जाऊ देऊ नये. आकडा अधिक आल्यास अहवालाची प्रत घरमालकाला लेखी पत्रासह द्या आणि पोच घ्या. मात्र भाडे थांबवण्यापूर्वी किंवा खोली सोडण्यापूर्वी भाडेकरूंना कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्या. दरम्यान वर एखादी खोली उपलब्ध असेल तर मुलांना तिथे झोपवा. खिडक्या उघडल्याने प्रमाण उतरते, पण बंद केल्यावर काही तासांतच पुन्हा चढते. त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चाचणी पुढे ढकलू नका.

प्रश्न : एका विक्रेत्याने हवा शुद्ध करणारे यंत्र घेतल्यास रेडॉन जाईल असे सांगितले. ते घ्यावे का?

रेडॉनसाठी घेऊ नका. असे यंत्र हवेतील काही कण अडवते; रेडॉन वायू घरात येतच राहतो. एकाच भेटीत मोजणारा, घाबरवणारा आणि त्याच दिवशी काम उरकण्याचा आग्रह धरणारा माणूस भेटला, तर स्वतंत्र प्रयोगशाळेकडून पुन्हा मोजून घेतल्याशिवाय सही करू नका. केवळ भेगा बुजवूनही सहसा भागत नाही.

प्रश्न : फरशीखालून हवा ओढणारा पंखा बसवला आहे. विजेचे बिल वाढू नये म्हणून तो रात्री बंद ठेवला तर चालेल का?

चालणार नाही. तो पंखा फरशीखालची हवा नळीवाटे छपरावर सोडतो. तो बंद होताच रेडॉन पुन्हा घरात शिरू लागतो, आणि तेही नेमके सगळे झोपलेले असताना. नळीवर यू आकाराची एक छोटी नळी आणि तिच्यात रंगीत द्रव असतो. दोन्ही बाजूंची पातळी समान दिसली, तर पंखा हवा ओढत नाही असे समजून बसवणाऱ्याला बोलवा. पातळीत फरक दिसला, तरी त्यावरून रेडॉन किती आहे ते कळत नाही. त्यासाठी काम झाल्यावर आणि पुढे दर दोन वर्षांनी चाचणी करावी. बिल खरोखरच झेपत नसेल, तर पंख्याला हात लावण्याआधी आरोग्य विभागाकडे साहाय्य योजनेची चौकशी करा.

प्रश्न : मला सतत खोकला येतो आणि सकाळी डोके दुखते. हा रेडॉनचा परिणाम असेल का?

रेडॉनमुळे अशी तात्काळ लक्षणे दिसत नाहीत आणि त्याचा परिणाम व्हायला वर्षे लागतात, म्हणून खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जा. बंद खोलीत चूल किंवा शेगडी पेटत असताना डोके दुखत असेल, तर ते कार्बन मोनॉक्साइडचे लक्षण असू शकते. तशी शंका येताच घरातील सर्वांना घेऊन मोकळ्या हवेत या आणि तातडीने वैद्यकीय मदत मागवा.