दोघं होते, मग एकटेपणा कसला?

प्रश्न असा आहे: ‘द लाइटहाऊस’ सिनेमात दोन माणसं सोबत असूनही वेडी का होतात, आणि शेवटी दीपस्तंभाच्या दिव्यात त्यांच्यातल्या तरुण पोराला नेमकं काय दिसतं?

दिव्याचं नंतर बघू. ‘दोन माणसं सोबत असूनही’ हे वाचलं आणि लिहायला बसलोच, कारण माझा सख्खा मोठा भाऊ मला इतकी वर्षं हेच ऐकवून राहिला आहे.

२०२० च्या मार्चमध्ये मी पेंचच्या बाजूला एका रिसॉर्टवर इलेक्ट्रिशियन होतो. पाहुणे गेले, मग स्टाफ आपापल्या गावी गेला. मागे उरलो मी आणि स्वयंपाकाचे महाराज. मालक फोनवर म्हणाला, चार-आठ दिवस सांभाळा, बदली माणसं पाठवतो.

सिनेमातही चार आठवड्यांची ड्यूटी ठरलेली असते. १८९० च्या दशकातलं अमेरिकेचं न्यू इंग्लंड, समुद्रातला एक खडक, वर दीपस्तंभ, म्हातारा विलेम डफो आणि पोरगा रॉबर्ट पॅटिन्सन. वादळ येतं आणि न्यायला येणारी बोट येत नाही. माझ्या मते सगळं तिथं बिघडतं. सुटकेची तारीख माहीत असली की माणूस कॅलेंडरवर रेघा मारत कसंही काढतो. तारीखच सरकत गेली की दिवस-रात्रीचा हिशेब जातो. म्हातारा एकदा पोराला विचारतो ना, आपण इथं पाच आठवडे आहोत की दोनच दिवस, तो प्रसंग लोक कोडं म्हणून बघतात. मला त्यात कोडं दिसलं नाही.

आमचा एप्रिल असाच गेला. मालकाचे चार-आठ दिवस प्रत्येक फोनला नव्यानं सुरू व्हायचे. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की यायची. स्टोअरची किल्ली महाराजांच्या कमरेला आणि जनरेटरची माझ्याकडं. सुरुवातीला गप्पा व्हायच्या, मग वरणात मीठ जास्त पडलं यावरून आम्ही असे भांडलो की दोन्ही वेळा वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून जेवू लागलो. सिनेमात लॉबस्टरवरून भांडण होतं तेव्हा थिएटरमध्ये लोक हसले म्हणे. मी नाही हसलो.

मग नवतपा लागला. पारा ४६ च्या वर आणि डिझेल पुरवून वापरायचं म्हणून रात्री कूलर बंद. झोप कोणालाच नव्हती. एका रात्री महाराज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेट उघडून उभे. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणतात, “काहून रे, गाडी ऐकू नाही येऊन रायली का तुले?” खरं सांगतो, मलाही आली. डिझेल गाडी चढावर गिअर बदलते तसा स्पष्ट आवाज. रस्ता मोकळा होता, फक्त लांब कुठंतरी वानरं खोकत होती. त्यानंतर ते रोज रात्री गेट उघडायचे.

एक दिवस रिसेप्शनचं रजिस्टर चाळलं. सुंदर, वळणदार अक्षरात नोंदी होत्या: रूम ४, दोन माणसं, व्हेज, सकाळी सफारी. खाली तारीख. पाहुणे मार्चपासून एकही नव्हते. सिनेमातल्या म्हाताऱ्याच्या वहीत पोराला पगार न देता काढून टाकायची शिफारस असते, आमच्या महाराजांच्या वहीत माणसं होती. ती पानं बघून माझे हातपाय गार पडले. भुताच्या कोणत्याही सिनेमानं तसं आजवर झालेलं नाही.

आता माझा भाऊ काय म्हणतो? “दोघं होते ना, मग एकटेपणा कसला? जंगलात फुकट राहणं-खाणं, लोक पैसे मोजून जातात तिथं.” तर दादा, आणि प्रश्न विचारणारे तुम्हीही ऐका. दोन माणसांत एकाचीच समजूत पक्की असली तर दुसऱ्याला खरं-खोटं ताडून बघायला तिसरा माणूस लागतो. वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्मॉल्स नावाचा दीपस्तंभ आहे. १८०१ च्या सुमारास तिथं दोनच रखवालदार होते, दोघांचंही नाव थॉमस. त्यातला एक मेला. आपल्यावर खुनाचा आळ येईल म्हणून दुसऱ्यानं प्रेत समुद्रात टाकलं नाही, पेटी करून बाहेर बांधून ठेवलं. वाऱ्यानं पेटी फुटली आणि मेलेल्याचा हात खिडकीबाहेर हलत राहिला. बदली येईपर्यंत जिवंत माणूस ओळखू येईना असा झाला होता. त्यानंतर ब्रिटनमध्ये दीपस्तंभावर तीन माणसं ठेवायची पद्धत पडली. सिनेमाचं बीज याच घटनेत आहे, म्हणून त्यातही दोघं थॉमसच निघतात.

महाराजांना पुढं मी मेडिकलला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेलो. गावचे लोक बाहेरचं लागलं म्हणत होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. लागोपाठ झोप मोडली की नसलेले आवाज ऐकू येतात, यात अंगात येण्यासारखं काही नाही. औषध घेऊन ते बरे झाले, आज लग्नाच्या ऑर्डरी घेतात. मनानं कमजोर माणूसच वेडा होतो असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासमोर म्हणून दाखवावं.

दिव्याचं राहिलंच. दिग्दर्शक रॉबर्ट एगर्सनं ते दाखवलेलं नाही आणि दाखवायलाही नको होतं. शेवटी पक्षी पोराची आतडी टोचतात, ते ग्रीक पुराणात देवांकडून आग चोरणाऱ्या प्रॉमेथिअसला झालेल्या शिक्षेवरून घेतलंय. एवढं पुरे. शेवट सांगून टाकला, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी माफ करा. सिनेमा कृष्णधवल आहे आणि पडदा मुद्दाम जवळजवळ चौकोनी ठेवलाय. पोरांसोबत बघू नका. आणि हो, त्या दोघांच्या बिघडण्यात दारूचाही मोठा वाटा आहे, ती संपल्यावर ते टर्पेंटाइनमध्ये मध घालून पितात. आमच्याकडं दारू नव्हती, तरी हे झालं.

घरचं कुणी अशा आडजागी ड्यूटीवर असेल तर ‘कसा आहेस’ विचारू नका, तो ‘बरा आहे’च म्हणेल. बदली कधी येणार ते विचारा, आणि मालकाला स्वतः फोन करून तारीख मागा. टाकीवर चढून मी दादाला मालकाचा नंबर दिला होता. त्यानं एकदाही लावला नाही.