वाचकांचे प्रश्न: ग्रंथालय तंत्रज्ञाचे काम

वाचनाची खूप आवड आहे, म्हणून ग्रंथालय तंत्रज्ञ व्हावे असे वाटते. दिवसभर नेमके काय करावे लागते? वाचायला वेळ मिळतो का?

कामाच्या वेळेत वाचायला मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पुस्तके हातातून भरपूर जातात, पण त्यातले शीर्षकपृष्ठ, त्यामागचे पान, अनुक्रमणिका आणि मलपृष्ठ एवढेच बहुधा नजरेखालून जाते. देवघेव, परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, नव्या पुस्तकांची नोंद, जुन्या नोंदींची दुरुस्ती, फाटक्या पुस्तकांची डागडुजी आणि मध्येच अडलेला प्रिंटर, असा दिवस जातो. कोणती पुस्तके घ्यायची, पैसे कशावर खर्च करायचे, हे ग्रंथपाल ठरवतो. घेतलेले पुस्तक मागणाऱ्याला सापडेल असे ठेवणे तंत्रज्ञाकडे असते. लहान ग्रंथालयात दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

काम अंगमेहनतीचेही आहे. ट्रॉली फक्त वरच्या फळीवर भरली तर वळणावर कलंडते. जड पुस्तके खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन, अशी ती भरावी. कपाटाच्या खालच्या फळीवर पुस्तके लावताना कमरेत वाकत राहू नका, सरळ बुटके स्टूल घेऊन बसा. आवडीपेक्षा चिकाटी आणि नीटनेटकेपणा या कामात जास्त उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे.

नवे पुस्तक आल्यापासून कपाटात जाईपर्यंत काय काय होते?

आधी पुस्तक बिलाशी ताडून पाहायचे: शीर्षक, आवृत्ती, प्रतींची संख्या. मग पाने भराभर उलटायची. १६ पानांचा एखादा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) गाळला गेलेला, दोनदा आलेला किंवा उलटा शिवलेला असू शकतो. ही तपासणी शिक्का मारण्याआधीच करावी, कारण शिक्का बसलेले पुस्तक विक्रेता सहसा परत घेत नाही. नवखे लोक नेमका हा क्रम उलटा करतात.

त्यानंतर दाखल क्रमांक. तो प्रत्येक प्रतीला स्वतंत्र असतो. एकाच पुस्तकाच्या ५ प्रती असतील तर क्रमांकही ५. बाद केलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्याला देऊ नये, नाहीतर जुने देवघेवीचे व्यवहार भलत्याच पुस्तकाच्या नावावर दिसतात. शिक्का शीर्षकपृष्ठाच्या मागे आणि ग्रंथालयाने ठरवलेल्या एका गुप्त पानावर मारतात. शाई मजकुरावर जाऊ द्यायची नाही.

मग तालिकेतली, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या शोधसूचीतली नोंद. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) टाकून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद ओढून घेता येते आणि वेळ वाचतो, पण चुकाही इथेच शिरतात. कागदी बांधणीच्या आणि पुठ्ठा बांधणीच्या आवृत्तीचे आयएसबीएन वेगळे असतात. पुनर्मुद्रणात मात्र जुनाच क्रमांक राहतो. त्यामुळे आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठसंख्या हातातल्या पुस्तकावरून जुळवल्याशिवाय नोंद जतन करू नका. मार्क २१ या नोंदपद्धतीत ०२० मध्ये आयएसबीएन, १०० मध्ये मुख्य लेखक, २४५ मध्ये शीर्षक, २५० मध्ये आवृत्ती, ३०० मध्ये पृष्ठसंख्या व आकार, ६५० मध्ये विषय आणि ७०० मध्ये सहलेखक किंवा अनुवादक येतात. एवढी घरे पाठ झाली की रोजचे बरेचसे काम निभते. हेन्रिएट अव्रम यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मार्कची घडण केली. तिचा सांगाडा आजही जगभरच्या ग्रंथालयांत चालतो.

शेवटी चिकटवाचिकटवी. पाठीवरचा बोधांकाचा, म्हणजे कपाटातली जागा सांगणाऱ्या क्रमांकाचा लेबल सगळ्या पुस्तकांवर तळापासून एकाच उंचीवर हवा. पाठ फार अरुंद असेल तर तो मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावतात. बारकोडने लेखकाचे नाव किंवा मलपृष्ठावरचा मजकूर झाकू नये. आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी वाचली जाणारी चिप असलेली चिकटपट्टी, मागच्या पुठ्ठ्याच्या आत बसतो. सगळ्या पुस्तकांत तो अगदी एकाच जागी लावला तर शेजारच्या बारीक पुस्तकांचे टॅग एकमेकांवर येतात आणि वाचनयंत्र त्यातला एखादा गाळते. म्हणून जागा थोडी खालीवर करावी. चकचकीत धातूचा वर्ख असलेल्या मुखपृष्ठामुळेही टॅग वाचला जात नाही. हे सगळे झाल्यावर पुस्तक एकदा स्कॅन करून पडद्यावर त्याचेच नाव येते ना, हे पाहायचे. दोन पुस्तकांचे बारकोड अदलाबदल झालेले आत्ता सापडले तर मिनिटाचे काम. नंतर सापडले तर दोन वाचकांची समजूत काढावी लागते.

संगणक म्हणतो पुस्तक उपलब्ध आहे, कपाटात मात्र नाही. असे का होते? कुठे शोधायचे?

सगळ्यात मोठे कारण दशांश. ३३१.१३७ हा बोधांक ३३१.४ च्या आधी येतो, पण पूर्णांकाच्या सवयीने १३७ हे ४ पेक्षा मोठे धरून पुस्तक पुढे सरकवले जाते. टिंबानंतरचा एकेक अंक डावीकडून ताडून पाहायचा. मेल्व्हिल ड्यूई यांची विषयांना दशांश अंक देणारी वर्गीकरण पद्धत १८७६ मध्ये आली आणि तिच्यासोबत ही चूकही. दुसरे कारण अंकांची उलटापालट: ५१३ चे पुस्तक ५३१ मध्ये.

शोधायचा क्रम असा ठेवा. आधी योग्य जागेच्या डावी-उजवीकडचे हातभर अंतर आणि वरची-खालची फळी. मग पुस्तकांच्या रांगेमागे, कारण लहान पुस्तके ढकलली जाऊन मागे पडतात. मग मोठ्या आकाराच्या पुस्तकांची फळी, परतीची पेटी, लावायची ट्रॉली, दुरुस्तीचे टेबल, वाचनकक्षातली टेबले. मग उलटे अंक करून. तरीही नाही मिळाले तर तारीख टाकून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा दोनदा शोधा आणि त्यानंतरच नोंदीत ‘गहाळ’ असा शेरा द्या. तोवर शेरा नसल्याने वाचक हेलपाटे मारत राहतो, हेही खरे. म्हणून पहिल्या शोधानंतरच ‘शोध चालू’ असे दिसेल अशी सोय करून घ्यावी.

‘मी तर पुस्तक परत केले’ असे वाचक म्हणाला तर वाद घालू नका आणि त्याच्या नावावरची नोंदही लगेच पुसू नका. आधी कपाट पाहा. बऱ्याचदा पुस्तक परत घेताना स्कॅन झालेलेच नसते. सुट्टीत परतीच्या पेटीत पडलेली पुस्तके नंतर स्कॅन करताना परतीची तारीख मागची टाका, नाहीतर वाचकाला नाहक दंड लागतो.

मराठी पुस्तक तालिकेत आहे, तरी शोधल्यावर येत नाही. सॉफ्टवेअर बिघडले म्हणायचे का?

बहुतेक वेळा टंकलेखनाचा प्रश्न असतो. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या युनिकोडमध्ये (संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) दोन प्रकारे टंकता येतो: एकदा खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते निराळे शब्द वाटू शकतात. ग्रंथालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, असा नियम करा आणि जुन्या नोंदींमधला दुसरा प्रकार शोधून बदला. युनिकोडपूर्व फाँटमधल्या नोंदी रूपांतराशिवाय शोधात येणारच नाहीत. लेखकाचे नाव एकदा आद्याक्षरांनी, एकदा पूर्ण, असे पडले असेल तरीही पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. एक रूप प्रमाण ठरवून बाकीच्या रूपांवरून तिकडे वळवावे.

पान फाटले तर सेलोटेप लावू का?

नको. तिचा डिंक कागदात झिरपतो, पिवळा पडतो, वरची पट्टी सुटून जाते आणि डाग उरतो. मग तो सहजासहजी निघत नाही. जपानी टिश्यू कागदाची ५ ते ८ मिलिमीटर रुंद पट्टी घ्या. ती कात्रीने न कापता पाण्याच्या ब्रशची रेघ ओढून हाताने वेगळी करा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि पट्टीची कड जाणवत नाही. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावून पट्टी फाटीवर बसवा, वर-खाली न चिकटणारा कागद आणि टिपकागद ठेवून वजनाखाली रात्रभर वाळू द्या. खळ जास्त झाली की पान सुरकुततेच.

पुठ्ठा सैल झाला असेल तर विणकामाची सुई आम्लरहित पीव्हीए गोंदात (पांढऱ्या बांधणीच्या गोंदात) बुडवून सांध्याच्या फटीत फिरवा, आत मेणकागद घालून पुस्तक बंद करा आणि वजन ठेवा. पानाचा कोपरा हलकेच दुमडताच तुटत असेल, पुस्तक दुर्मीळ असेल किंवा बुरशी असेल, तर यातले काही करू नका. बुरशीचे पुस्तक मास्क आणि हातमोजे घालून पिशवीत बंद करून बाजूला काढायचे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, म्हणून आधी खोली कोरडी करा, मग पुस्तकांकडे वळा.

या कामासाठी शिक्षण काय लागते? पुढे वाढायला वाव आहे का?

ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम सहसा पुरतो. ग्रंथपाल व्हायचे तर बहुतेक ठिकाणी पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण लागते. प्रवेश घेण्याआधी काही आठवडे एखाद्या ग्रंथालयात परतीची पुस्तके लावायला जाऊन पाहा. काम झेपते की नाही ते तिथे कळते. कोहा हे ग्रंथालयासाठीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवून १०० नोंदी करा, स्प्रेडशीटमध्ये यादी गाळायला-जुळवायला शिका. मुलाखतीत पदवीच्या कागदापेक्षा याविषयी विचारले जाते.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी लागू होते: कोणी कोणते पुस्तक नेले, हे दुसऱ्या वाचकाला सांगायचे नाही. नवरा-बायको असोत, आई-मूल असो, ‘ते पुस्तक बाहेर गेले आहे, अमुक तारखेला परत येईल’ एवढेच उत्तर द्यायचे आणि हवे असल्यास आरक्षण करून घ्यायचे.