वाहन-सल्ला: कीपॅड बदलण्याआधी बिजागरीपाशी बघा

प्रश्न : माझ्या वडिलांचा संधिवात बळावला आहे. किल्ली फिरवणं, रिमोटचं बारीक बटण दाबणं त्यांना जमत नाही. त्यामुळे आमच्या फोर्ड गाडीच्या ड्रायव्हरच्या दारावरचा, कोड दाबून दार उघडायचा पाच बटणांचा कीपॅड हाच त्यांचा आधार. काही महिन्यांपासून तो भरवशाचा राहिलेला नाही. कधी दिवा लागतो आणि कोड घेतो, कधी दिवाही लागत नाही. दार एकदा उघडून जोरात लावलं की बहुतेक वेळा चालू होतो. रिमोटने मात्र दारं व्यवस्थित उघडतात. गॅरेजमध्ये सांगतात, कीपॅड बदला. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. ‘दार जोरात लावलं की चालू होतो’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कीपॅडच्या आतलं बटण झिजलं असतं, तर दार हलवल्याने त्यात काही फरक पडला नसता. शिवाय दिवा आणि पाचही बटणं एकदम जातात, एकदम परत येतात. याचा अर्थ सगळ्यांना मिळून जी वायर लागते, ती मधूनमधून तुटते आहे. बहुधा पॉझिटिव्हची किंवा अर्थिंगची. रिमोटने दारं उघडतात, म्हणजे लॉकच्या मोटरी आणि त्यांचा फ्यूज ठीक आहे.

ही वायर तुटण्याची नेहमीची जागा म्हणजे दार आणि बॉडी यांच्यामधली, बिजागरीपाशी दिसणारी रबराची घडीदार नळी. दार उघडलं-लावलं की तिच्यातल्या वायरी दरवेळी त्याच ठिकाणी वाकतात. वरचं प्लॅस्टिकचं आवरण शाबूत दिसतं, पण आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. म्हणून नुसतं बघून निदान होत नाही. नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा. चांगली वायर ताठ राहते. आतून तुटलेली रबरासारखी लांबते, कधी हातातच येते. काही वायरींचं आवरण तडकलेलं असतं आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं दिसतं. तिथे पाणी पोचलं आहे असं समजा.

मल्टिमीटर असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. मग मीटर ‘बीप’च्या (वायर जोडलेली असेल तर आवाज येतो त्या) सेटिंगवर ठेवा, संशयित वायरीची दोन्ही टोकं त्याला लावून दुसऱ्या माणसाला दार अगदी सावकाश उघडायला आणि लावायला सांगा. आवाज मध्येच तुटला की जागा सापडली. मात्र दार स्थिर ठेवून आवाज आला, एवढ्यावर समाधान मानू नका. एक तंतू शिल्लक असला तरी मीटर वाजतो. त्याच दाराची काच किंवा आरसाही कधीमधी अडतो का, हेही बघा. त्यांच्या वायरी याच नळीतून जातात. अडत असेल तर संशय पक्का झाला. दाराच्या पॅनेलमागे पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका. पिवळा रंग सहसा एअरबॅगच्या वायरिंगचा असतो.

दुरुस्तीत एका गोष्टीचा आग्रह धरा. तुटलेल्या जागीच सोल्डर करून टेप गुंडाळू देऊ नका. सोल्डरने वायर कडक होते आणि त्या कडक भागाच्या काठाशी ती पुन्हा तुटते. बारीक तंतूंची, लवचीक वायर थोडी जास्त लांब घ्यावी आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या भागात यावेत. त्यावर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवावी. हे काम घाईत होत नाही, पण असा जोड टिकतो.

आता वडिलांविषयी. पाच बटणांचे हे कीपॅड फोर्डने १९८० च्या मॉडेलांपासून आणले आणि त्यांना वेळेचं बंधन असतं. दोन अंकांच्या मध्ये ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की कोड पहिल्यापासून दाबावा लागतो. चुकीचा कोड ७ वेळा, म्हणजे ३५ बटणं दाबून झाली, की कीपॅड एक मिनिट बंद पडतो आणि दिवा लुकलुकतो. दुखऱ्या बोटांनी हळूहळू दाबणाऱ्या माणसाला हे बिघाडासारखंच वाटणार. तेव्हा दिवा लुकलुकत असेल तर त्यांना मिनिटभर थांबायला सांगा. अंधारा दिवा हा वायरीचा प्रश्न, लुकलुकता दिवा हा कोडचा.

वायर ठीक आहे याची खात्री झाली आणि दिवा नेहमी लागू लागला, तरच बटणांकडे वळा. प्रत्येक बटणावर दोन अंक असतात. ७-८ आणि ९-० ही बटणं एकत्र दाबल्यावर दारं लॉक झाली, तर ती दोन्ही चांगली. कोड दिल्यावर ५ सेकंदांच्या आत ३-४ दाबलं की बाकीची दारं उघडतात, ५-६ दाबलं की डिकी. एखादंच बटण मेलेलं निघालं, तर ते टाळणारा स्वतःचा कोड बसवता येतो: आधी कंपनीचा (गाडीबरोबर आलेला) कोड, मग ५ सेकंदांत १-२, मग नवे पाच अंक. मात्र कंपनीच्या कोडमध्येच ते बटण येत असेल तर हा मार्ग बंद. कीपॅडचं रबर तडकलं असेल आणि आत ओल दिसत असेल, तेव्हा मात्र तो बदलाच.

प्रश्न : गाडी सेकंडहँड घेतली. कीपॅडचा कोड कुठे मिळेल?

उत्तर : मॅन्युअलच्या पाकिटात छोटं कार्ड असतं, ते आधी शोधा. नसेल तर कीपॅडच्या कंट्रोल मॉड्यूलवरच्या (कीपॅड चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवरच्या) लेबलवर कोड छापलेला असू शकतो, पण मॉड्यूल पॅनेलमागे असतो. गाडीची कागदपत्रं दाखवून डीलरकडूनही मिळतो. आधीच्या मालकाने बसवलेला स्वतःचा कोड पुसता येतो, कंपनीचा पाच अंकी कोड पुसता येत नाही. तो त्यांनाही माहीत असू शकतो, म्हणून गाडीत मोलाची वस्तू ठेवू नका.