कुंडी मोठी केली, तरी झाड मलूल का?

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये पूर्वेकडील खिडकीशी तीन वर्षांपासून रबर प्लांट आहे. ८ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत ते छान वाढले, पण हिवाळा सरल्यावर पाने लोंबू लागली, खालची पाने पिवळी पडून गळू लागली आणि घातलेले पाणी लगेच खालच्या बशीत येऊ लागले. मुळांना जागा कमी पडत असावी असे वाटून मार्चमध्ये मुळांचा गोळा न मोडता झाड १४ इंची कुंडीत लावले. दोन महिने झाले तरी फरक नाही, उलट मातीभोवती बारीक चिलटे फिरू लागली आहेत. काय करावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : मुळांना जागा कमी पडत आहे हा आपला अंदाज बरोबर होता. परंतु गोळा जसाच्या तसा उचलून मोठ्या कुंडीत ठेवल्यामुळे अडचण त्या गोळ्याच्या आतच राहून गेली. कुंडी बदलणाऱ्या बहुतेकांकडून नेमके हेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाढणारे मूळ कुंडीच्या गुळगुळीत भिंतीला टेकले की वळते आणि भिंतीच्या कडेकडेने फिरू लागते. काही वर्षांत तळाशी मुळांची वेटोळी साचतात, मातीची जागा मुळे घेतात आणि पाणी धरून ठेवणारी माती फारच थोडी उरते. त्यात मातीच्या मिश्रणातील कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळले की ते सहजासहजी पाणी शोषत नाही. गोळा आकसतो, भिंतीपासून सुटतो आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरते. पाणी घालणाऱ्याला वाटते की झाडाला भरपूर पाणी मिळाले, आणि गोळ्याचा मध्य मात्र कोरडा ठणठणीत असतो.

आता १४ इंची कुंडीत काय झाले ते पाहा. सारख्याच आकाराच्या ८ इंची कुंडीपेक्षा तिच्यात पाचपटीहून अधिक माती मावते. आपण घातलेले पाणी या नव्या, सैल मातीत मुरते, पण तेथे मुळे नाहीत, त्यामुळे ते शोषून घेणारे कोणी नाही. ही माती दिवसेंदिवस ओली राहते आणि चिलटांच्या अळ्या ओल्या मातीतील बुरशी व कुजका पाचोळा खाऊन वाढतात. म्हणजे चारी बाजूंनी चिखल आणि आतला गोळा कोरडा, अशी झाडाची दुहेरी कोंडी झालेली आहे. गोळ्याच्या कडेची मुळे हवेअभावी कुजू लागली, तर पाने अधिकच मलूल दिसतील आणि आपण आणखी पाणी घालाल. तसे करू नये.

एप्रिल-मेच्या उन्हात मुळांना हात लावू नये, असे मी एरवी आग्रहाने सांगतो. हा अंक आपल्या हाती येईपर्यंत मात्र जून लागलेला असेल. पुण्यात पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, हवा दमट झाली आणि पारा उतरला की पानांतून कमी पाणी उडते व दुखावलेल्या मुळांवरचा भार हलका होतो. तोवर वरची माती बोटभर कोरडी होईपर्यंत पाणी घालू नका.

त्यानंतर झाड कुंडीतून काढा आणि मार्चमध्ये भरलेली नवी माती झटकून टाका. जुना गोळा पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून ठेवा. आतील हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ लागेल. ते थांबले की गोळा आतपर्यंत भिजला असे समजावे आणि बाहेर काढून निथळू द्यावा. आता तळ नीट पाहा. जुन्या कुंडीच्या बुडाचा आकार त्यावर जसाच्या तसा उमटलेला असेल, निचऱ्याच्या भोकांच्या जागी मुळांचे बारीक टेंगूळ दिसेल आणि सगळा थर काथ्याच्या पायपुसण्यासारखा घट्ट विणलेला लागेल. धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्या आणि तळाचा हा थर दोन-तीन सेंटिमीटर जाडीने सपाट कापून काढा. मग गोळ्याच्या बाजूंना समान अंतरावर चार ठिकाणी, वरून खाली, एक ते दोन सेंटिमीटर खोल चिरा द्या. बाहेरची मुळे बोटांनी किंवा बोथट काडीने हलकेच मोकळी करा. पेन्सिलीएवढे जाड झालेले एखादे मूळ गोल फिरलेले दिसले, तर जेथे ते वळायला लागते तेथेच कापा.

हे शेवटचे काम टाळू नये. रबर प्लांट हा मुळात वड-पिंपळाच्या कुळातील वृक्ष आहे. त्याचे वळलेले मूळ एकदा काष्ठमय झाले की पुन्हा सरळ होत नाही, आणि कितीही मोठी कुंडी दिली तरी ते जाड होत जाऊन शेजारच्या मुळांना व कालांतराने खोडाच्या बुंध्याला आवळू शकते. मात्र एकूण मुळांपैकी चौथाईहून अधिक एका वेळी कापू नयेत. काळपट, मऊ आणि दुर्गंधी येणारी मुळे वेगळी, ती सगळीच काढावीत. कापताना पांढरा चीक येईल. तो त्वचेला त्रासदायक असतो आणि कपड्यांवरून जात नाही, म्हणून हातमोजे घाला.

कुंडी १० इंची घ्या. तीसुद्धा ८ इंचीच्या जवळजवळ दुप्पट माती घेते आणि या झाडाला पुढील दोन वर्षे पुरेल. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग गांडूळ खत, एक भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज खडे) किंवा भाताचे तूस असे मिश्रण चालेल. तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. वरची बारीक माती पूर्ण भरल्याशिवाय पाणी खालच्या जाड थरात उतरतच नाही, आणि मुळांची तेवढी जागा वाया जाते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो. खोड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवा आणि गोळ्याभोवती पोकळी राहू न देता माती बोटांनी बसवा.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे झाड थेट उन्हापासून दूर, पण उजेडात ठेवा. महिनाभर खत देऊ नका. मुळे कापली म्हणून शेंडाही छाटावा असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न पानेच तयार करतात. सुरुवातीला दोन-चार पाने गळतील, त्याने घाबरून जाऊ नका. शेंड्याशी लालसर आवरणातील नवे पान दिसू लागले की मुळांनी नव्या मातीत शिरकाव केला असे समजावे.

प्रश्न : अरेका पामची मुळे कुंडीच्या भोकांतून बाहेर आली आहेत. तळाचा थर कापावा का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : कापू नये. पामची मुळे वृक्षांसारखी जाड होऊन खोडाला आवळत नाहीत, आणि ती तोडलेली पामला मानवतही नाहीत, झाड कित्येक महिने रुसून बसते. भोकांतून आलेली मुळे अडकली असतील तर प्लॅस्टिकची कुंडीच कात्रीने कापा. गोळा पाण्यात बुडवून भिजवा, बाहेरचा थर बोटांनी जेमतेम सैल करा आणि दोन इंच मोठ्या कुंडीत लावा. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत बोअरवेल किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते, त्यांनी मातीवर पांढरा थर साचतो का हेही पाहावे. मुळांनी भरलेल्या कुंडीत माती कमी असल्याने क्षार लवकर साठतात आणि पामच्या पानांची टोके करपतात. पावसाळ्यात कुंडी दोन-तीन वेळा पावसात ठेवली की बरेचसे क्षार धुऊन जातात.

प्रश्न : स्नेक प्लांटने प्लॅस्टिकची कुंडी फोडली आहे. मुळे नारिंगी दिसतात, ती कुजली आहेत का? (एक वाचक, औंध)

उत्तर : नारिंगी रंग या झाडाच्या मुळांचा व आडव्या कंदांचा स्वाभाविक रंग आहे. हाताला घट्ट लागत असतील तर ती निरोगी आहेत. हे झाड दाटीत आनंदाने राहते, पण कुंडीच फुटली असल्याने आता त्याचे दोन-तीन भाग करा. प्रत्येक भागाला कंद आणि पाने दोन्ही राहतील असे कापा, काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मगच लावा. पिवळ्या कडांची जात असेल तर अशी विभागणीच करावी, कारण पानाचे तुकडे लावून केलेली रोपे साधी हिरवी निघतात.

प्रश्न : मुळे गोल फिरूच नयेत म्हणून घरात कापडी ग्रो-बॅग वापरता येईल का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : येईल. कापडाशी पोहोचलेल्या मुळाचे टोक हवेने सुकते आणि मूळ गोल न फिरता मागून नव्या फांद्या फोडते. मात्र बॅग लवकर वाळते, त्यामुळे उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी लागते, शिवाय फरशीवर ओल येते, म्हणून खाली खोल ट्रे आणि त्यात जाळी ठेवावी लागते. गच्चीवर मी बॅगच सुचवीन. हॉलमध्ये भरपूर भोकांची साधी प्लॅस्टिकची कुंडी शोभेच्या कुंडीच्या आत ठेवणे अधिक सोयीचे, कारण दर पावसाळ्याच्या तोंडी आतली कुंडी उचलून मुळे तपासता येतात. तोंडाशी अरुंद आणि पोटाशी फुगीर असलेल्या चिनी मातीच्या कुंडीत थेट झाड मात्र लावू नका. गोळा एकदा भरला की कुंडी फोडल्याशिवाय तो बाहेर येत नाही. सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून रोप आणताना पिशवीचा तळही पाहा. लहान पिशवीतील सर्वांत उंच रोप हौसेने उचलले जाते, पण तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील तर त्याऐवजी बुटके, भरदार रोप घ्या.